मागचे दोन डबे

माझं काम काय असं कोणी विचारलं की मी सांगते, घड्याळ दाबते. लोक हसतात. हसोत बापडे. पण पार्कातली ती मोठी रोलरकोस्टर तासाला किती माणसं फिरवून आणणार, हे मालकाला विचारून कळत नाही आणि ती बनवणाऱ्या कंपनीला विचारून तर मुळीच नाही. ते माझ्याकडून कळतं. कंपनीच्या कागदावरच्या माणसांना पोट नसतं, त्यांच्या चपला निसटत नाहीत, आणि सीटवर बसल्यावर 'अय्या, पर्स राहिली' म्हणून ती उठत नाहीत. आमच्याकडची उठतात.

हिशोब तसा सोपा आहे. गाडीला सात डबे, डब्यात चार माणसं, म्हणजे एका फेरीला अठ्ठावीस. गाड्या दोन. एक वर फिरते तेव्हा दुसरी फलाटावर भरते. फिरायला सत्तर सेकंद लागतात आणि ते कोणाच्या बापाच्या हातात नाही, उतार आहे, ती उतरणारच. वेळ जातो तो फलाटावर. माणसं उतरवा, नवी चढवा, मांडीवरचे दांडे पाडा, पट्टे लावा, तपासा, यात गेले पंच्याऐंशी सेकंद. गाड्यांची आत-बाहेर व्हायला आणखी पंधरा. म्हणजे दर शंभर सेकंदांनी एक गाडी सुटते, तासाला छत्तीस, माणसं एक हजार आठ. फिरून आलेली गाडी बाहेर तिष्ठत उभी असते, आतली हलेपर्यंत.

आमच्या साहेबांना हवी होती बाराशे. उठता बाराशे, बसता बाराशे. म्हणून आम्ही त्यांना बाराशेसाहेबच म्हणायचो, अर्थात पाठीमागे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, घोडं कुठे पेंड खातंय ते शोधा. तीन दिवस फलाटावर उभ्या राहा. प्रत्येक गाडी, प्रत्येक हात, सगळं मोजा."

हात म्हणजे तपासणारे. पहिला हात तिघांचा. पुढचे तीन डबे एकाकडे, मधले दोन दुसऱ्याकडे, मागचे दोन माझ्या नणंदेकडे. त्यांनी प्रत्येक दांडा दाबायचा, प्रत्येक पट्टा ओढून बघायचा आणि अंगठा वर करायचा. मग दुसरा हात. तो एकट्याचा, त्या माणसाला आम्ही डावखुरा म्हणतो. तो पुढून मागे येत सगळे पट्टे पुन्हा ओढतो. एखादा सुटलेला सापडला की मोठ्यानं 'एक!' असं ओरडतो आणि तो मी कागदावर लिहायचा. पट्ट्याला एवढं महत्त्व का, तर आमची गाडी जुनी. दांडा दोघांत मिळून एकच. शेजारी जाडजूड माणूस बसला की दांडा त्याच्या पोटावर अडतो, आणि बारीक माणसाच्या मांडीपासून वीतभर वर राहतो. मग त्या बारीक माणसाला धरून ठेवणारा पट्टाच.

घोडं कुठे पेंड खात होतं, ते मला पहिल्याच दिवशी दुपारी कळलं. माणसं पुढच्या जिन्यानं येतात, त्यामुळे मागचे दोन डबे सगळ्यात शेवटी भरतात. डावखुरा पाच डबे उरकून तिथे हातावर हात धरून उभा असायचा. त्या दोन डब्यांपायी वीस सेकंद जात होते.

आणि दुसऱ्या दिवशी मला आणखी एक गोष्ट कळली, जी न कळती तर बरं झालं असतं.

आमच्या धंद्यातली एक खूण सांगते. खरं काम करणाऱ्याचे आकडे कधी सारखे येत नाहीत. एका डब्याला नऊ सेकंद, पुढच्या डब्यात लठ्ठ माणूस, सतरा सेकंद, मग दोन चटपटीत पोरी, आठ. कामचुकाराचे मात्र सरळ रांगेत उभे राहतात. वन्संचे आकडे होते अकरा. अकरा. अकरा. साडेअकरा. अकरा. लठ्ठ येवो, बारीक येवो, रडणारं पोर येवो, अकरा. मी तशा तीस गाड्या बघितल्या. माझी नणंद पट्टे तपासत नव्हती. ती मनातल्या मनात मोजत होती, पट्ट्यांवरून हात फिरवत होती आणि आकडा झाला की अंगठा वर करत होती.

आता कोणी म्हणेल, असेल आळशी बाई. त्यानं एकदा वन्संना बघायला हवं होतं. बावीस वर्षं त्या फलाटावर. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा आमच्या ह्यांना त्यांनीच वाढवलं, स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. मी घरात आले त्या दिवशी मला म्हणाल्या, "आमच्याकडे सासू नाही हं. तिचा आणि माझा, दोन्हीकडचा जाच मलाच करावा लागेल, जरा वेळ लागेल, सांभाळून घे." जाच करायचं मेलं त्यांना कधीच जमलं नाही. मला पार्कात चिकटवलं तेही त्यांनीच. कामात इतक्या कडक की एकदा खुद्द मालकाच्या मेव्हण्याला पट्टा लागत नाही म्हणून खाली उतरवलं होतं. अशी बाई अकरापर्यंत मोजते?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत त्या एकट्या सापडल्या. मी दार लावून घेतलं.

"वन्सं, तुमचे आकडे सारखे येतायत."

"चांगलं की मग," त्या म्हणाल्या. "शिस्त."

"मला शिकवू नका. मी घड्याळवाली आहे."

त्या बाकावर बसल्या. मग दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "चिमटा काढ."

मी काढला. हळू काढला.

"काढलास?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा काढला, नख रुतेपर्यंत. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, हाताकडे नाही.

"चार-पाच महिने झाले," त्या म्हणाल्या. "चहाचा कप गरम की गार, ते ओठ लावल्यावर कळतं. डॉक्टर म्हणाला नसा सुकतायत, आणखी सुकणार. पट्टा ओढते गं मी. पण तो धरून आहे की हातात आलाय, ते कळत नाही. आणि प्रत्येक पट्टा वाकून डोळ्यांनी बघायचा म्हटलं तर वेळ कुठे आहे? वरून तुझे साहेब बाराशे बाराशे करतायत."

"मग सांगून टाका. गेटवर काम देतील, तिकिटं फाडा."

"गेटवर हातांची परीक्षा घेत नाहीत वाटतं? बदली झाली की सगळ्यांची घेतात. घरी बसवतील मला." त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना. "घरी बसले की बटणं तूच लावणार, वेणी तूच घालणार. मी तुझ्या हातची होईन. एवढा हंगाम काढू दे. सहा आठवडे. मग मीच जाऊन सांगेन, शप्पथ. आणि मागून दुसरा हात आहेच की! माझ्याकडून सुटलं तर डावखुरा धरतो. आजवर धरलंय ना?"

हे खरं होतं. तीन दिवसांत डावखुरा मागच्या दोन डब्यांवर पाच वेळा 'एक!' म्हणून ओरडला. पाचही पट्टे त्यानं तिथेच लावले. कोणाला काही झालं नाही. मी मनाशी म्हटलं, मागे माणूस उभा आहे, जाळं आहे, सहा आठवड्यांचा तर प्रश्न.

आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून खोटे आकडे लिहिले. अकरा, अकरा लिहिते तर साहेबांनी क्षणात ओळखलं असतं, कारण ती खूण त्यांना मीच शिकवली होती. म्हणून मी खरे दिसतील असे लिहिले. नऊ. साडेतेरा. सतरा, शेऱ्यात 'जाड प्रवासी'. आठ. बारा. साडेदहा. त्यात माझं कसब होतं, ते मी सगळं ओतलं. 'एक'च्या रकान्यात मागच्या दोन डब्यांपुढे शून्य घातलं. आमचे हे पाणी प्यायला आले, म्हणाले, "अजून काम?" मी म्हटलं, "तुमच्या बहिणीचं." "बरं," म्हणाले आणि गेले. आपलेच दात, आपलेच ओठ, कोणाला सांगायचं?

चौथ्या दिवशी साहेबांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, हे बघितलंत? मागचे दोन डबे?"

मला वाटलं, पकडलं.

"आकडे कसे विखुरलेत बघा! ही बाई खरं तपासते. पुढच्या दोघांपेक्षा चांगलं. आणि दुसऱ्या हाताला तीन दिवसांत तिथे एकही पट्टा सुटलेला सापडला नाही. एकही! मग डावखुरा तिथे जाऊन करतो काय?" त्यांनी पेन्सिलीनं मागच्या दोन डब्यांवर रेघ मारली. "तिथला दुसरा हात काढला. पुढचे पाच डबे तो आधीच उरकतो. वीस सेकंद वाचले. ऐंशी सेकंदांना गाडी, तासाला पंचेचाळीस, माणसं बाराशे साठ!"

मी म्हटलं, "साहेब, तीनच दिवसांचं माप आहे."

"तीन दिवस म्हणजे हजारावर गाड्या. पुरे."

"पण मागचे दोन डबे म्हणजे..."

"म्हणजे काय?"

तेव्हा बोलायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. पण ते बोलायचं तर आधी कबूल करायला हवं होतं की कागद खोटा आहे, आणि घड्याळवालीचा कागद खोटा म्हटला की तिला कुत्रं विचारत नाही. मी म्हटलं, "काही नाही, उन्हाची तिरीप येते तिकडे." काय बोलले मी! उन्हाची तिरीप! आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. वन्संना वाचवायला गेले आणि त्यांच्या मागचं जाळंच माझ्या हातानं कापून दिलं.

सोमवारपासून नवी पद्धत सुरू झाली. फलाटावरच्या पाटीवर बाराशेच्या वर आकडा लागला, साहेबांनी खाली येऊन सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या आणि वन्संच्या पाठीवर थाप मारली. "यांच्याकडून शिका!" वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत डावखुरा माझ्याजवळ आला. साधा माणूस आहे, आडवळण नाही. "ताई, मी मागून पाच वेळा ओरडलो होतो. कागदावर आलं नाही का?"

"आलं की," मी म्हटलं. "साहेबांनी बघितलंच असेल."

"मग हे कसं केलं त्यांनी?"

"मोठ्या माणसांचं काय सांगावं?"

तो मान हलवत गेला. एक खोटं पचवायला दुसरं, दुसरं पचवायला तिसरं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. ऐकून कोण शहाणं झालंय?

मंगळवारी मी वन्संच्या मागे लागले. आजच्या आज साहेबांना सांगा. "उद्या सांगते," म्हणाल्या. बुधवारी म्हणाल्या, "आता मी डोळ्यांनी बघते, काळजी करू नकोस." मी खांबाआड उभी राहून मोजलं. अकरा. अकरा. साडेदहा. गुरुवारी मी त्यांना जिन्यात अडवलं तेव्हा त्या माझ्यावर उसळल्या. "मला घालवायची एवढी घाई झालीय? घर तुझं, माझा भाऊ तुझा, आता फलाटही हवाय?" असं त्या मला पंधरा वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. मला राग आला, खूप आला, आणि खरं सांगायचं तर त्या रागाचा मला आधार वाटला. म्हटलं, मरा मेल्या, मी सांगून झालंय. जणू सांगितलं की माझं संपलं.

पण संपत नव्हतं. गाडी सुटली की मी मनात मोजायला लागायची. सत्तर सेकंद. वर चढताना साखळीचा खडखडाट, मग किंकाळ्या. लोक मजेनं किंचाळतात, पण खाली उभ्या माणसाला मजेची किंकाळी आणि दुसरी, यातला फरक कसा कळावा? मग गाडी आत यायची आणि मी मागचे दोन डबे मोजायची. आठ गेले, आठ आले. पुढची गाडी. आठ गेले. साहेबांकडे जायचं म्हणून मी शुक्रवारी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. मनाशी मी वन्संचं नाव पुढे करत होते. खरी भीती स्वतःच्या कातडीची होती.

शनिवारी संध्याकाळी माझ्या डोक्यात एक शक्कल आली. त्यांना सांगून पटत नाही ना, दाखवून देऊ. गुपचूप. दोघींत. त्या हादरतील, आपण होऊन फलाट सोडतील, कागदाचं नावही निघणार नाही. रविवारी सकाळी, पार्क उघडल्यावर तिसऱ्याच गाडीला, मी ओळखपत्र दाखवून रांगेत शिरले आणि शेवटच्या डब्यात शेवटच्या ओळीत बसले. शेजारची जागा रिकामी होती. दांडा मांडीवर घेतला. पट्टा आडवा ठेवला, पण खाचेत घातला नाही. त्याचं टोक मांडीखाली दाबून बसले. माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. तो चांगला भरभक्कम, ती काडी. त्यांचं काहीतरी हसणं चाललं होतं.

वन्सं आल्या. मला पाहून दचकल्या. "तू गं कशाला?"

"बसून बघते म्हटलं एकदा."

त्यांचे ओठ हलत होते. पुढच्या दोघांवरून हात फिरला, मग माझ्यावरून. त्यांचा हात माझ्या पट्ट्याला लागला, पट्टा हलला, मला स्पष्ट जाणवला. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि अंगठा वर केला.

अंगठा वर जाईपर्यंत मी तसंच राहायचं ठरवलं होतं. गाडी सुटायच्या आत हळूच 'वन्सं' अशी हाक मारायची आणि पट्टा दाखवायचा. पण अंगठा वर गेला की चालक दोन सेकंदांत बटण दाबतो, आणि त्या दोन सेकंदांत माझी नजर पुढच्या बाईवर गेली. नवऱ्याच्या पोटावर दांडा अडला होता. तिच्या मांडीवर नुसती हवा.

"थांबा!" मी किंचाळले आणि डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली. आमच्याकडे ती खूण कोणीही केली तरी चालक बटणावरचा हात काढतो. त्यानं काढला.

वन्सं धावत परत आल्या. "काय झालं?"

मी माझा पट्टा उचलून दाखवला. अख्खा हातात आला.

त्या पांढऱ्या पडल्या, मग सावरल्या. आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं हसून म्हणाल्या, "तू होतीस म्हणून गं! घरच्या माणसाला काय ओढून बघायचं? तुला नाही लावता येत होय पट्टा?" पुढचे लोकही हसले. आणि मलाही, देवाशप्पथ, वाटलं की असंच असेल. घरचं माणूस म्हणून सोडलं असेल. मला तसं वाटून घ्यायचंच होतं.

पण एकदा 'थांबा' झालं की सगळे पट्टे नव्यानं तपासायचे, असा नियम. डावखुरा पाच डबे ओलांडून मागे आला. पुढच्या ओळीत त्या भरभक्कम माणसाचा पट्टा ओढला. धरला होता. मग त्याच्या बायकोचा ओढला.

"एक!" डावखुरा ओरडला. त्याच्या हातात पट्ट्याचं टोक होतं.

ती बाई गोंधळून नवऱ्याकडे बघू लागली. "मी आत घातला होता," ती म्हणाली. "टक् असा आवाज नाही आला, पण त्या बाईंनी अंगठा दाखवला ना, म्हणून म्हटलं लागला असेल."

हसणं थांबलं. वन्सं फलाटावरच्या बाकावर बसल्या.

वरच्या खोलीच्या काचेतून साहेबांनी बघितलं असणार, ते जिना उतरून आले. "बाई, तुम्ही गाडीत काय करताय? आणि हा पट्टा कसा सुटला? तीन दिवसांच्या मापात इथे एकही नव्हता."

"साहेब, मी पाच वेळा ओरडलो होतो," डावखुरा म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दांडा वर करून डब्यातून उतरले. "कागद माझा आहे," मी म्हटलं. "मागच्या दोन डब्यांचे आकडे मी घरी बसून लिहिलेत. त्यांच्या हातांना कळत नाही. मला माहीत होतं."

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "सोमवारपासून या दोन डब्यांतून किती गेले?"

मला विचारायचं कारण नव्हतं, त्यांनाही करता येतो हिशोब. तासाला पंचेचाळीस गाड्या, गाडीमागे आठ, म्हणजे तीनशे साठ. दिवसाचे दहा तास, तीन हजार सहाशे. सोमवार ते शनिवार सहा दिवस. आजचे धरले नाहीत.

"एकवीस हजार सहाशे," मी म्हटलं.

साहेब चालकाकडे गेले आणि गाडी बंद करायला सांगू लागले. डावखुरा एकेका डब्यातून माणसं उतरवत होता. रांगेतून आवाज यायला लागले, काय झालं, पैसे परत द्या, अजून किती वेळ.

"एकवीस हजार?" वन्संनी विचारलं. त्या वर बघत नव्हत्या.

"हो."

"मला वाटायचं गं, लागला असेल. मोजून झालं की खरंच वाटायचं, लागला. हात मेलेले, तेवढंच उरलं होतं वाटायला." मग त्यांनी मान वर केली. "तुझे हात तर धड आहेत. तू रोज खाली उभी राहून बघत होतीस, एकेक गाडी. माणसं मोजत होतीस. तुला कळत होतं."

त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

तेवढ्यात ती काडीसारखी बाई माझ्यापाशी आली. तिला अजून नीटसं उमगलं नव्हतं. तिनं माझे दोन्ही हात धरले. "बरं झालं तुम्ही ओरडलात हो. तुम्ही नसता तर आज... फार उपकार झाले तुमचे."

मी हात सोडवून घ्यायला लागले.

"घे की," वन्सं बाकावरून म्हणाल्या. "आभार मानतायत त्या."

"काही नाही हो," मी त्या बाईला म्हटलं. "जपून उतरा." आणि तिला जिन्यापर्यंत वाट करून दिली.